पॉडकास्टवाल्यांना १४ मेल केले, उत्तर एकाचंही नाही. कुठे चुकतंय?

मोहोळवाला (३ मार्च, रात्री ९:४२)

नमस्कार मंडळी. मी भोरचा. बारा वर्षं मधमाश्यांचं काम करतोय. घरच्या सातेरी जातीच्या माश्यांच्या पेट्या आहेत, शिवाय पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आग्या मोहोळ बसलं की लोक मला बोलावतात. (मोहोळ जाळायला नाही, माणसांना समजवायला.) मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही दारोदार जे सांगत फिरता ते एकदा पॉडकास्टवर सांगा. पटलं. जानेवारीत १४ मराठी पॉडकास्टना मेल टाकला. एकाकडून 'आपला मेल मिळाला, आमची टीम लवकरच संपर्क करेल' असं आपोआप येणारं काहीतरी आलं. बाकी शुकशुकाट.

मेल खाली देतोय. भीडभाड न ठेवता सांगा.

*विषय: आपल्या पॉडकास्टमध्ये मुलाखतीची संधी मिळणेबाबत*

*महोदय/महोदया, सा. न. वि. वि. मी आपल्या पॉडकास्टचा नियमित श्रोता असून आपले कार्य अत्यंत स्तुत्य आहे. मी गेली १२ वर्षे मधमाशीपालन क्षेत्रात कार्यरत असून पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेतून प्रशिक्षण घेतले आहे. आजवर मला विविध संस्थांकडून ११ पुरस्कार प्राप्त झाले आहेत. मधमाशी ही निसर्गाची अनमोल देणगी असून तिचे संवर्धन ही काळाची गरज आहे. तरी माझी मुलाखत घेऊन उपकृत करावे, ही नम्र विनंती. सोबत परिचय, पुरस्कारांची यादी व छायाचित्रे जोडली आहेत. कळावे, लोभ असावा.*

पुणेरीपाटी (३ मार्च, रात्री १०:०५)

'मिळणेबाबत' वाचलं आणि हात आपोआप कोर्ट फी स्टॅम्प शोधायला लागला. हलके घ्या.

वैतागवाडी (३ मार्च, रात्री १०:३१)

मेलमध्ये काही चुकलेलं नाही. ओळख नाही, हे चुकलंय. मराठी पॉडकास्टचे पाहुणे बघा: नट, नट्या, नटाचा डॉक्टर, नटीचा आहारतज्ज्ञ. भोरचा मधवाला कुणाला हवाय? वेळ घालवू नका.

लिंबूटिंबू (३ मार्च, रात्री १०:४०)

वैतागवाडी, +१. पण इन्स्टावर थेट मेसेज करून बघा. मेल हल्ली फक्त बँका पाठवतात.

गवतीचहा (४ मार्च, सकाळी ८:१५)

मी पलीकडच्या बाजूची आहे. दोन पॉडकास्टचं निर्मितीचं काम बघते (नावं सांगणार नाही, नाहीतर इथूनच मेल सुरू होतील). सोमवारी सकाळी चहा घेऊन इनबॉक्स उघडते, पन्नासेक मेल असतात, आणि तुमच्यासारखे त्यात निदान वीस. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही लिहिलाय तो अर्ज आहे. अर्ज कसा लिहायचा हे शाळेत शिकवतात, म्हणून आपण सगळे तोच लिहितो.

माझी अडचण सांगते. मेल वाचून झाला की मला सूत्रसंचालकाला एका वाक्यात सांगावं लागतं, 'हे गृहस्थ येऊन अमुक सांगतील.' तुमच्या मेलवरून काय सांगू? ११ पुरस्कार आहेत, हे. त्यावर दीड तास कसा काढायचा? 'काळाची गरज' हे शब्द तर मधमाशी, योगासनं आणि म्युच्युअल फंड तिन्हींच्या मेलमध्ये सापडतात.

आता गंमत बघा. तुमच्या इथल्या पोस्टमध्ये कंसात एक वाक्य आहे: 'मोहोळ जाळायला नाही, माणसांना समजवायला.' अख्ख्या मेलपेक्षा ते भारी आहे. ते मेलमध्ये का नव्हतं?

आणि वैतागवाडी, ओळखीने कामं होतात हे खरंच. फक्त ओळखीचे पाहुणे वर्षभरात संपतात हो. नंतर आम्हीही शोधतच असतो.

मोहोळवाला (४ मार्च, सकाळी ९:५०)

ताई, मेलमध्ये असं बोलण्यासारखं लिहायचं असतं हे माहीत नव्हतं. मला वाटलं, शोभायला हवं.

गवतीचहा (४ मार्च, सकाळी ९:५८)

शोभेचं राहू दे. सोसायटीत गेल्यावर नेमकं काय होतं ते इथे लिहा बरं, मेल समजून नका लिहू.

मोहोळवाला (४ मार्च, दुपारी १:२०)

मागच्या वर्षीचंच सांगतो. सिंहगड रोडची एक सोसायटी. चौथ्या मजल्याच्या सज्जाखाली आग्याचं मोहोळ, चांगलं परातीएवढं. मी पोचलो तेव्हा खजिनदार फवाऱ्याचा डबा घेऊन उभे. खाली पंधरावीस माणसं माना वर करून बघतायत, आणि त्यांच्यात एक आजोबा निवांत केळं सोलतायत. मी ओरडलोच. माशी डंख मारते तेव्हा एक वास सुटतो. 'इथे धोका आहे, या' असं तो बाकीच्या माश्यांना सांगतो. त्या वासातलं मुख्य द्रव्य म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट, आणि पिकलेल्या केळ्याला जो वास येतो तोही त्याच द्रव्यामुळे. माश्या खवळलेल्या असताना खाली केळं सोलायचं म्हणजे आपणच भोंगा वाजवायचा. आजोबांनी सालासकट केळं खिशात कोंबलं.

मग सगळ्यांना खाली जिन्यात बसवून तासभर बोललो. फवारा मारला तर माश्या मरतातच असं नाही, पण खवळतात नक्की. आग्या कायम एका जागी राहत नाही, फुलोऱ्यामागे फिरते. पावसाआधी बऱ्याचदा आपसूक उठून जाते. दोन खिडक्या बंद ठेवायच्या आणि संध्याकाळी त्या बाजूचा दिवा लावायचा नाही, एवढंच ठरलं. मे संपता संपता मोहोळ गेलं. नंतर खजिनदारांचाच फोन, 'अहो, रिकामं पोळं शोकेसमध्ये ठेवलं तर चालेल का?'

पुणेरीपाटी (४ मार्च, दुपारी १:३४)

आमच्या सोसायटीत नवी पाटी लागणार: 'मोहोळाखाली केळी खाणाऱ्यास मोहोळ जबाबदार राहणार नाही.'

गवतीचहा (४ मार्च, दुपारी १:४१)

हाच मेल. आणखी वेगळं काय लिहायचंय!

डॉ_खोकला (४ मार्च, रात्री ९:१०)

मी छातीविकारतज्ज्ञ, चार पॉडकास्टवर जाऊन आलोय. गवतीचहांशी बरंचसं सहमत, पण पात्रता अजिबात लिहू नका असा अर्थ कुणी काढू नका. आमच्या क्षेत्रात कुणीही उठून दम्यावर बोलतो. समोरच्याला कळायला हवं की हा माणूस ते काम खरंच करतो. फक्त त्याला एक ओळ पुरते, आणि ती शेवटी. अकरा पुरस्कारांपेक्षा 'बारा वर्षं' यात जास्त वजन आहे.

दुसरं, 'नियमित श्रोता आहे' यावर कुणाचाही विश्वास बसत नाही, कारण सगळे तेच लिहितात. भाग खरंच ऐका, आणि कुठल्या मिनिटाला काय ऐकून तुम्हाला बोलावंसं वाटलं ते लिहा. मी असं एकदा मन लावून लिहिलं, पाठवलं, आणि मग लक्षात आलं की वर नाव दुसऱ्याच पॉडकास्टचं राहिलंय. उत्तर आलं: 'तुमचा मेल त्यांच्याकडे पाठवू का?' तेव्हापासून 'नमस्कार'नंतरचं नाव शेवटी टाइप करतो.

अण्णा_सांगलीकर (५ मार्च, सकाळी ६:२०)

हे नवीन नाही. १९८३ साली मला सांगली आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमात बोलायचे होते. आधी दोन पत्रे घातली, हळद लागवडीतील माझा अनुभव वगैरे. उत्तर नाही. तिसऱ्या वेळी वैतागून पोस्टकार्डावर एवढेच लिहिले: 'हरिपूरला हळदीच्या पेवात माणूस उतरण्याआधी आम्ही पेटता कंदील सोडतो. का, ते सांगायला येऊ का?' पंधरा दिवसांत बोलावणे आले.

तेव्हा भाषण आधी लिहून द्यावे लागे, दहा मिनिटांचे. करारपत्र पोस्टाने येई, मानधनाचा चेक नंतर. गावात आठवडाभर लोक विचारत होते, रेडिओत बसायला जागा कितपत असते म्हणून.

लिंबूटिंबू (५ मार्च, सकाळी ७:०२)

अण्णा, कंदील का सोडता ते सांगा ना!

अण्णा_सांगलीकर (५ मार्च, सकाळी ७:१५)

पेव म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले कोठार. ते बंद असते. आत प्राणवायू कमी होतो. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. आता पेवेही फारशी राहिली नाहीत. २००५ च्या महापुरात बरीच गेली.

गवतीचहा (५ मार्च, सकाळी ९:३०)

अण्णांचं पोस्टकार्ड प्रिंट काढून ऑफिसात लावतेय. त्यात 'का' सांगितलेलं नाही, हेही बघा. लिंबूटिंबूंनी बेचाळीस मिनिटांत विचारलं की नाही? आमच्या सूत्रसंचालकानेही तेच विचारलं असतं.

बे_एरिया_बाबू (५ मार्च, सकाळी ११:४५)

इकडे अमेरिकेत बऱ्याच पॉडकास्टच्या वेबसाइटवर पाहुण्यांसाठी फॉर्मच असतो. माईक कुठला, आधी कुठे बोललात, तीन विषय द्या, वगैरे. मराठीत अजून तेवढं नाही. मोहोळवाले, एवढा त्रास कशाला? एआयला सांगा, दहा सेकंदांत झकास मेल देईल.

गवतीचहा (५ मार्च, दुपारी १२:१०)

बाबू, कृपा करा. 'मधमाश्या आपल्याला फक्त मध देत नाहीत, तर जगण्याचा धडा देतात' या धर्तीची वाक्यं मला एकाच महिन्यात तिघांकडून आलीत. त्यातले एक शेअर बाजारावर बोलणार होते. शुद्धलेखन तपासून घ्या हवं तर. आजोबांचं केळं एआयला माहीत नाही.

वैतागवाडी (५ मार्च, दुपारी ३:२५)

सगळं गोड गोड चाललंय, आता कडू ऐका. मला एका पॉडकास्टवाल्याने उत्तर दिलं होतं. 'पाहुणा म्हणून यायचं पॅकेज २५ हजार, तीन रील फुकट.' हे कुणी बोलणार आहे का?

डॉ_खोकला (५ मार्च, दुपारी ४:००)

माझ्याही एका स्नेह्याला असंच विचारलं होतं. पैसे देऊन गेलात तर ती जाहिरात, मुलाखत नव्हे. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. 'भागावर "जाहिरात" लिहिणार ना?' एवढं विचारा, पुढचा मेल येत नाही.

लिंबूटिंबू (५ मार्च, सायंकाळी ५:१२)

अवांतर: व्हिडिओ असतो, सोफा असतो, मागे झाड असतं. त्याला पॉडकास्ट का म्हणतात? मुलाखत म्हणा की.

बे_एरिया_बाबू (५ मार्च, सायंकाळी ५:४०)

शब्द २००४ चा. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची मोट. आयपॉड गेला, शब्द उरला.

पुणेरीपाटी (५ मार्च, सायंकाळी ५:४४)

झाडही प्लास्टिकचं असतं, त्यावर मधमाशी येत नाही. मोहोळवाले, आत शिरायला हाच मुद्दा धरा.

शेवंता (६ मार्च, सकाळी १०:०५)

सगळा धागा वाचला. एक साधा प्रश्न. मोहोळवाले काका, ते १४ मेल तुम्ही वेगवेगळे पाठवले होते की एकदम?

मोहोळवाला (६ मार्च, सकाळी १०:५०)

एकदम. सगळे पत्ते सीसीमध्ये टाकले.

शेवंता (६ मार्च, सकाळी १०:५१)

🙈

पुणेरीपाटी (६ मार्च, सकाळी १०:५५)

म्हणजे चौदा जणांना 'मी फक्त तुमचाच नियमित श्रोता' असं एकमेकांदेखत सांगितलंत. चौदा स्थळांना एकच पत्रिका, वर प्रत्येकाला बाकीच्या तेरांची यादी.

गवतीचहा (६ मार्च, सकाळी ११:३०)

हसून हसून चहा सांडला. काका, तरी उत्तर न यायचं निम्मं कारण सापडलं. सीसीमध्ये इतर पॉडकास्ट दिसले की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे बघतील.

आता कामाचं सांगते. १४ जणांचा नाद सोडा, चारच निवडा. निसर्ग, शेती, शहर असल्या विषयांवर ज्यांनी आधी भाग केलेत असे. पत्ता भागाच्या खालच्या माहितीत असतो, नाहीतर यूट्यूब चॅनेलच्या माहितीत 'ईमेल बघा' असं बटण असतं. लॉगिन करून 'मी रोबो नाही' केलं की दिसतो. पूर्वी पॉडकास्टच्या आरएसएस फीडमध्येही (ज्यातून ॲपना नवे भाग कळतात ती फाइल) मालकाचा मेल सहज सापडायचा. स्पॅमला कंटाळून बरेच होस्टिंगवाले तो आता लपवतात.

फोटो किती एमबीचे जोडले होते?

मोहोळवाला (६ मार्च, दुपारी १२:१५)

जीमेल म्हणालं २५ च्या वर जात नाही, ड्राइव्हची लिंक करतो. केली.

गवतीचहा (६ मार्च, दुपारी १२:२२)

आणि त्या लिंकला परवानगी? ती उघडायला जावं तर 'प्रवेशाची विनंती करा' असं येतं. अनोळखी माणसाच्या पुरस्कारांची यादी बघायला कुणी विनंती करत नाही हो. काही जोडू नका. दोन मिनिटांचा एक व्हिडिओ द्या, तुम्ही बोलताय असा, मोबाईलवर काढलेला. मला फोटो नको, आवाज ऐकायचाय. माणूस ज्ञानी असतो आणि माईकसमोर 'अं... म्हणजे... तसं बघायला गेलं तर...' यातच पाच मिनिटं घालवतो, हे आम्ही फार सोसलंय. लिंक बिनालॉगिनच्या ब्राउझरमध्ये उघडून बघा, मग पाठवा.

आणि तारीख. २० मे जागतिक मधमाशी दिन आहे. आमचे भाग तीन-चार आठवडे आधी रेकॉर्ड होतात, तेव्हा त्या आठवड्यासाठी विचारायचं तर आत्ताच.

वैतागवाडी (६ मार्च, दुपारी १:००)

त्या दिवसासाठी सगळेच मधवाले मेल करतील.

गवतीचहा (६ मार्च, दुपारी १:०४)

मे महिन्यात करतील. तोवर आमचा भाग संपादनाला गेलेला असतो.

मोहोळवाला (८ मार्च, रात्री ८:३०)

काल रात्री जागून नवीन लिहिला. बघा.

*विषय: मोहोळाखाली केळं का खाऊ नये (२० मेच्या आठवड्यासाठी पाहुणा)*

*नमस्कार ...,*

*तुमच्या गच्चीवरच्या बागेच्या भागात ३२ व्या मिनिटाला पाहुण्या म्हणाल्या, माश्या यायला लागल्या म्हणून फुलांच्या कुंड्या काढून टाकल्या. ते ऐकून गाडी बाजूला घेतली आणि हा मेल लिहायचं ठरवलं.*

*मी भोरचा. पुण्यातल्या सोसायटीत आग्या मोहोळ बसतं, लोक फवारा घेऊन उभे राहतात, तेव्हा मला फोन येतो. मी मोहोळ जाळायला जात नाही, माणसांना समजवायला जातो. एकदा एक आजोबा मोहोळाखाली केळं सोलत होते. त्यांना मी का ओरडलो, तिथून बोलायला सुरुवात करता येईल. मध थिजला की लोक भेसळ समजून फेकतात, पाण्यात थेंब सोडून शुद्धता बघतात. यातलं काय खरं, हेही सांगेन. आणि सातेरी पेटीत नांदते, मग आग्या का नांदत नाही, हेही.*

*मी कसा बोलतो ते या दोन मिनिटांच्या व्हिडिओत आहे, लिंक कुणालाही उघडेल. एप्रिलमध्ये मंगळवारी किंवा बुधवारी पुण्यात येऊ शकतो. बारा वर्षं हेच काम करतोय, प्रशिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत.*

*आपला, (नाव, फोन)*

डॉ_खोकला (८ मार्च, रात्री ९:०५)

उत्तम. 'गाडी बाजूला घेतली' खरं आहे ना?

मोहोळवाला (८ मार्च, रात्री ९:१२)

कात्रजच्या घाटात. मुलगी साक्षीदार आहे.

अण्णा_सांगलीकर (८ मार्च, रात्री ९:३०)

सा. न. वि. वि. काढले त्याचे थोडे वाईट वाटले. पण चांगले झाले आहे. आग्या पेटीत का नांदत नाही?

मोहोळवाला (८ मार्च, रात्री ९:३६)

अण्णा, सातेरी ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी पोळी बांधते, त्यामुळे पेटी तिला घर वाटते. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते. तिला छप्पर पुरतं, भिंती नकोत.

लिंबूटिंबू (८ मार्च, रात्री ९:४०)

काका, आठवड्याने परत मेल करायचा का? राग येतो का त्यांना?

गवतीचहा (८ मार्च, रात्री १०:००)

आठ-दहा दिवसांनी, त्याच मेलला उत्तर म्हणून, दोन ओळींत, एकदाच. राग येत नाही. बऱ्याचदा मेल खरंच खाली गेलेला असतो. तिसऱ्यांदा केलात तर येतो. आणि 'माझ्या आधीच्या मेलची दखल घेतली गेली नाही' असं लिहिलंत तर पहिल्यांदाच येतो.

मोहोळवाला (२ एप्रिल, रात्री ७:५५)

मंडळी, खबर. चौघांना वेगवेगळे पाठवले. एकाने नम्रपणे नाही म्हटलं, वर्षाचे भाग ठरलेत म्हणे. दोघे गप्प. चौथ्यांनी दुसऱ्या मेलनंतर फोन केला, पहिला प्रश्न केळ्याचाच. २१ एप्रिलला रेकॉर्डिंग.

मुलाखत कुणाकडे ते भाग आल्यावर सांगेन. आता वेगळीच चिंता: रिकाम्या हाताने जायला बरं वाटत नाही. मधाची बाटली न्यावी का? लाच वाटणार नाही ना?

वैतागवाडी (२ एप्रिल, रात्री ८:१०)

अभिनंदन. चारात एक म्हणजे माझं निम्मं खरंच होतं. पण अभिनंदन.

गवतीचहा (२ एप्रिल, रात्री ८:३०)

नेहमी नेता तशी न्या, पण रेकॉर्डिंग संपल्यावर द्या. आणि रुमाल न्या. आवाज येतो म्हणून बऱ्याच ठिकाणी एसी बंद करतात, एप्रिलात घाम निघतो.

अण्णा_सांगलीकर (३ एप्रिल, सकाळी ६:१०)

बाटली आधीच टेबलावर ठेवा, आणि थिजलेलीच न्या. विचारतीलच.